देण्याचा हिशेब: एम्प्रेस मिल ते कलम १३५

मार्च जवळ आला की औद्योगिक वसाहतींभोवतीच्या गावांत, शाळांत आणि संस्थांच्या कार्यालयांत एकच चौकशी सुरू होते: अमुक कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, फंड शिल्लक आहे का, प्रस्ताव कुणाकडे द्यायचा? मग कुठे आरओ प्लांट बसतो, कुठे डिजिटल वर्ग होतो आणि भिंतीवर कंपनीचा लोगो रंगवला जातो. ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांसाठी हा खर्च आता मर्जीचा उरलेला नाही. पण देण्यातून कंपनीने आपला फायदा पाहावा की पाहू नये, याबाबत कायद्याने दीडशे वर्षांत चक्क कूस बदलली आहे.

सुरुवात इंग्लंडमधल्या एका खटल्यापासून करावी लागते. आपला कंपनी कायदा घडला तो त्याच मुशीतून. वेस्ट कॉर्क रेल्वे कंपनी दुसऱ्या कंपनीकडे गेली होती, आवराआवर चालली होती आणि जाता जाता अधिकाऱ्यांना व संचालकांना काही रक्कम द्यायचं ठरलं होतं. एका गुंतवणूकदाराने हरकत घेतली. १८८३ साली अपील न्यायालयाने बहुमताने त्याची बाजू उचलून धरली. न्यायमूर्ती बोवेन यांचा युक्तिवाद साधा होता. रेल्वेने स्टेशनवरच्या हमालांना कंपनीच्या खर्चाने सहलीला नेऊन चहा पाजला तर त्यात गैर काही नाही, कारण त्यात कंपनीचंच भलं आहे. पण जी कंपनी गुंडाळली जाते आहे, तिला नोकरांना खूश ठेवून काय मिळणार? थोडक्यात, फायदा असेल तर द्या, नसेल तर भागधारकांच्या पैशाला हात लावू नका.

नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये त्याच सुमारास हाच हिशेब दुसऱ्या टोकाकडून मांडला जात होता. जमशेटजी टाटांची ही मिल १ जानेवारी १८७७ला सुरू झाली. कापूस वऱ्हाडचा, जवळच पिकणारा; अडचण होती ती माणसांची. गिरणीच्या भोंग्यावर दिवस काढायची सवय कुणालाच नव्हती, गैरहजेरी अफाट. त्यावर दंडाची वही काढणं हा रिवाजाचा उपाय होता. मिलने त्याऐवजी कामगाराला बांधून ठेवणाऱ्या सोयी उभ्या केल्या: १८८६ला पेन्शन फंड, १८९५ला अपघाताची भरपाई. जमशेटजींचं १८९५मधलं भाषण प्रसिद्ध आहे. आम्ही इतरांपेक्षा जास्त निःस्वार्थी किंवा दानशूर आहोत असा आमचा दावा नाही, भागधारकांचं हित ते आपलं हित आणि कामगारांचं आरोग्य व कल्याण हा आमच्या भरभराटीचा पाया, असा त्याचा आशय. यात दानाचा आव नाही, सरळ व्यापार आहे, आणि मला तेच आवडतं.

पुढे जमशेदपूरला टाटांच्याच पोलाद कारखान्यात, टिस्कोत, हीच रीत मोठ्या प्रमाणावर दिसते. आठ तासांचा दिवस १९१२ला, प्रॉव्हिडंट फंड १९२०ला, बाळंतपणाची सोय १९२८ला. देशभरासाठी हे कायदे अनुक्रमे १९४८, १९५२ आणि १९६१ साली झाले. हे सगळं मालकांच्या मनाच्या मोठेपणातूनच आलं असं मात्र कुणी समजू नये. १९२० आणि १९२८ ही तिथल्या मोठ्या संपांचीही सालं आहेत.

आपल्याकडचं सर्वांत बोलकं उदाहरण किर्लोस्करवाडीचं. बेळगावातून जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडलजवळ माळरान दिलं आणि १९१०मध्ये तिथे कारखान्याबरोबर वसाहतही उभी राहू लागली. निवडुंगाच्या माळावर कारागीर आणायचे तर घरं, पाणी, शाळा आधी हवी. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही हा नियमही लक्ष्मणरावांनी घातला. कारखाना लोखंडी नांगरांचा; गिऱ्हाईक होता शेतकरी, आणि लोखंडी नांगराने जमीन नासते अशी त्याची धास्ती. ती काढायला नुसता नांगर विकून भागणार नव्हतं, माणसाशी बोलावं लागणार होतं. १९२०मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं ते कारखान्याच्या बातम्या देणारं पत्रक म्हणून. बघता बघता त्यात समाजसुधारणा, विज्ञान, उद्योगाच्या गोष्टी आल्या, १९३०ला ‘स्त्री’ मासिक आलं, आणि ज्यांनी कधी नांगर हातात धरला नाही अशा घरांतही किर्लोस्कर हे नाव पोचलं. जाहिरातीवर इतका टिकाऊ खर्च दुसऱ्या कुठल्या मराठी कारखानदाराने केला असेल असं वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतरचा बराच काळ ट्रस्ट, इस्पितळं आणि शाळांना देणग्या यांतच गेला. टिस्कोने न्यायमूर्ती स. प. कोतवाल यांच्या समितीकडून आपल्या सामाजिक कामाचं ऑडिट करून घेतलं, हा त्यातला अपवाद. सरकार हलायला २००९ उजाडलं आणि तेव्हाही निघाल्या त्या ऐच्छिक मार्गदर्शक सूचना. मग आला २०१३चा कंपनी कायदा. त्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४पासून लागू झालं: ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करा. आधी ‘खर्च करा, नाहीतर कारण सांगा’ असं होतं. जानेवारी २०२१पासून दंड आला आणि न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत भरायची सक्तीही.

बोवेनसाहेबांचा न्याय इथे उलटा झाला. नियम सांगतात की आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च सीएसआर नाही, मालाच्या प्रचारासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर नाही, कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातलं काम तर नाहीच. आयकरातही तो व्यवसायाचा खर्च म्हणून वजा होत नाही. या मोजपट्टीने एम्प्रेस मिलचा पेन्शन फंड बाद, किर्लोस्करवाडीतली कामगारांची घरं बाद, ‘खबर’ तर पहिल्या फेरीतच बाद.

म्हणून फायदा नाहीसा झाला का? नाही, तो दारामागे गेला. त्यातच कायदा म्हणतो की कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या. भूसंपादन, सांडपाणी, स्थानिक पोरांना नोकऱ्या यांवरून ज्या गावाशी रोज संबंध येतो, तिथेच टाकी बांधून दिली तर सरपंचाशी बोलणं सोपं होतं हे कुठल्याही प्लांटच्या एचआरवाल्याला विचारा. परिणामी सीएसआर खर्चात महाराष्ट्र देशात सातत्याने वरच्या स्थानी, पण ओघ पुणे-मुंबईच्या पट्ट्याकडे. केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीतले आपले चार जिल्हे म्हणजे गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. तिथे मोठे कारखाने कमी, त्यामुळे ‘आसपासचा भाग’ म्हणून ते फार कुणाच्या वाट्याला येत नाहीत.