साथ कळवली की दारे बंद

2027 चा सिंहस्थ जवळ येतोय तशी नाशिकात साथरोगांच्या देखरेखीची चर्चा वाढते आहे. उपकेंद्रातली आरोग्यसेविका गावातल्या तापाच्या आणि जुलाबाच्या रुग्णांची नोंद पोर्टलवर भरते. याच साखळीचे वरचे टोक जीनिव्हात, जागतिक आरोग्य संघटनेत आहे, आणि अडचण बहुधा त्या टोकालाच आली आहे.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग निघाला, तेव्हा तो प्लेगच आहे हे मान्य करायला सरकारी यंत्रणेने वेळ घेतला. बंदराचा व्यापार बुडायची भीती होती. पुढच्याच वर्षी युरोपीय देशांनी व्हेनिसला परिषद भरवून हिंदुस्थानच्या जहाजांवर कडक नियम घातले.

खरा धडा 1994 चा. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यात गाठीचा प्लेग, सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा. सुरत नाशिकपासून सापुताऱ्यामार्गे पाच-सहा तासांवर. तिथून लाखो माणसे बाहेर पडली, त्यात खानदेशातले कामगारही होते. संघटनेच्या तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत कळवायचे रोग तीनच: कॉलरा, प्लेग, पीतज्वर. इतर देशांनी जास्तीत जास्त किती निर्बंध घालावेत, हेही त्यात लिहिलेले होते. तरी विमाने बंद झाली, माल अडला, पर्यटक फिरकेनात. नियम मोडणाऱ्यांना कोणी जाब विचारला नाही.

2003 मध्ये सार्स हा श्वसनाचा संसर्ग आला, तो यादीत नसलेला रोग. जुलैत तो आटोक्यात आल्याचे जाहीर झाले. त्याच पावसाळ्यात नाशिकात सिंहस्थ होता. त्यानंतर 2005 चे नवे नियम आले आणि जून 2007 पासून लागू झाले. निव्वळ रोगांच्या यादीऐवजी चार प्रश्न आले: परिणाम गंभीर आहे का, घटना अनपेक्षित आहे का, सीमेपलीकडे पसरेल का, व्यापार-प्रवासावर निर्बंध येण्याचा धोका आहे का. दोनांचे उत्तर ‘हो’ आले की 24 तासांत कळवायचे. म्हणजे निर्बंध येणार हे नियम करणाऱ्यांनीच गृहीत धरलेले! निर्बंध घालणाऱ्या देशाने 48 तासांत संघटनेला कारण सांगायचे, असे बंधन. नाही सांगितले तर दंड नाही. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या ओमिक्रॉन या नव्या प्रकाराची माहिती तातडीने दिली आणि दोन दिवसांत तिथली विमाने बंद झाली. त्याआधी इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने देणे थांबवले होते: नमुने आमचे, त्यावरची लस मात्र परवडत नाही, हा त्यांचा आक्षेप. त्यात तथ्य होते.

भारतात जिल्हानिहाय देखरेखीचा कार्यक्रम 2004 ला सुरू झाला. आठवड्याचे कागदी फॉर्म जाऊन 2021 पासून रोजची नोंद पोर्टलवर आली. 2020 मध्ये कोविडने आणि 2022 मध्ये गोवराने मालेगावला गाठले. गोवराच्या वेळी लसीकरण कुठे राहिले होते हे घरोघर जाऊन शोधावे लागले.

2024 च्या जूनमध्ये नियम सुधारून ‘महामारी आणीबाणी’ हा वरचा टप्पा जोडला. मे 2025 मध्ये महामारी करारही झाला. नमुने द्यायचे त्या बदल्यात लशी कशा मिळणार, हे परिशिष्ट मात्र तेव्हा पुढच्या वाटाघाटींसाठी ठेवले. निर्बंधांवर दंड त्यातही नाही.