पावतीवरचे अनोळखी चार अंक

मोबाइल वॉलेटने, म्हणजे कार्ड जोडलेला फोन दुकानातील यंत्राला टेकवून, पैसे दिल्यावर मिळणारी पावती सहसा कोणी वाचत नाही; पण वाचली, तर तिच्यावर छापलेले कार्डाचे शेवटचे चार अंक आपल्या खिशातील कार्डाशी जुळत नाहीत, असे पुष्कळदा दिसते. हा छपाईतील दोष नसतो. फोनने दुकानदाराच्या यंत्राला आपल्या कार्डाचा खरा क्रमांक सांगितलेलाच नसतो, आणि या व्यवस्थेचे सारे मर्म त्यातच आहे.

आधी फोन आणि यंत्र यांच्यातील संभाषणाविषयी. ते 13.56 मेगाहर्ट्झ या वारंवारितेवर चालते. या वारंवारितेच्या लहरींची लांबी सुमारे 22 मीटर भरते, आणि फोन तर यंत्रापासून जेमतेम चार सेंटिमीटरवर असतो. म्हणून इथे नेहमीच्या अर्थाने रेडिओ लहरींचे प्रक्षेपण होते असे म्हणण्यापेक्षा दोन तारांच्या वेटोळ्यांमध्ये चुंबकीय क्षेत्राचा दुवा जुळतो, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. यंत्रातील वेटोळ्यातून वाहणारा प्रत्यावर्ती प्रवाह बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि ते क्षेत्र जवळच्या वेटोळ्यात वीजदाब उत्पन्न करते. मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. संपर्कविरहित प्लास्टिक कार्डात बॅटरी नसते, त्याची चिप याच उसन्या विजेवर चालते. उत्तर देताना कार्ड आपल्या वेटोळ्यावरील विद्युतभार ठरावीक तालात कमी-जास्त करते, आणि त्याचा यंत्राच्या वेटोळ्यावर होणारा सूक्ष्म परिणाम यंत्र वाचते. फोन याच कार्डाची नक्कल करतो.

वेटोळ्याच्या आकाराच्या तुलनेत अंतर वाढले, की हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते, म्हणजे अंतर दुप्पट झाल्यास ते जवळपास एक अष्टमांश उरते. फोन अगदी जवळ न्यावा लागतो तो यामुळे. काही फोनमध्ये अँटेना वरच्या कडेपाशी असते, काहींमध्ये पाठीच्या मध्याजवळ. यंत्रावर फोन इकडेतिकडे फिरवत राहणाऱ्या माणसाची अडचण बहुधा एवढीच असते.

आता त्या चार अंकांकडे वळू. वॉलेटमध्ये कार्ड जोडताना बँक ग्राहकाची ओळख पडताळते आणि खऱ्या क्रमांकाच्या जागी एक पर्यायी क्रमांक, म्हणजे टोकन, त्या फोनपुरते दिले जाते. टोकन आणि खरा क्रमांक यांची जोडी कार्ड-जाळ्याच्या, म्हणजे बँकांमधील कार्डव्यवहार जोडणाऱ्या व्हिसासारख्या कंपनीच्या, सुरक्षित नोंदवहीत राहते. सोबत एक गुप्त किल्ली मिळते; काही फोनमध्ये ती वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये असते, तर काही वॉलेट मर्यादित वापराच्या किल्ल्या सॉफ्टवेअरच्या आधारे सांभाळतात.

माझ्या मते टोकनपेक्षाही चतुर भाग पुढचा आहे. फोन टेकवताच यंत्र व्यवहाराची रक्कम आणि त्या क्षणी निवडलेली एक यादृच्छिक संख्या फोनला देते. फोन त्यांत स्वतःकडील व्यवहार-गणकाचा आकडा मिसळतो आणि गुप्त किल्ली वापरून त्या सर्वांवरून एक सांकेतिक मोहोर तयार करतो. किल्ली स्वतः फोनबाहेर पडत नाही. पडताळणी करणारी बाजू आपल्याकडील किल्लीने तेच गणित करून मोहोर ताडून पाहते. गणक दर व्यवहाराला पुढे सरकत असल्यामुळे मधल्यामध्ये कोणी ही मोहोर टिपली, तरी तीच दुसऱ्यांदा वापरता येत नाही. ती तयार करण्यासाठी फोनला त्या क्षणी इंटरनेटही लागत नाही. बँकेशी बोलण्याचे काम दुकानातील यंत्राचे असते.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. फोन आणि यंत्र यांच्यामध्ये दोन उपकरणे ठेवून संदेश जसाच्या तसा दूरवर पोहोचवण्याचा हल्ला शक्य असतो, कारण त्यात मोहोर खरीच असते. त्यावर मुख्य आडकाठी आहे ती पैसे देण्यापूर्वी बोटाचा ठसा, चेहरा किंवा सांकेतिक अंक मागण्याची; म्हणूनच बस-मेट्रोच्या फाटकावर झटपट भाडे देता यावे यासाठी ही पायरी वगळणारी सोय विचारपूर्वक चालू करावी.

फोन हरवल्यास त्या फोनचे टोकन तेवढे रद्द करता येते आणि प्लास्टिकचे कार्ड चालू राहते. उलट, वस्तू परत करताना दुकानदाराने कार्ड मागितले, तर ज्या फोनने पैसे दिले तोच पुढे करावा लागू शकतो, कारण दुकानाच्या नोंदीत आपली ओळख म्हणून तेच अनोळखी चार अंक असतात.