इंग्रजी लेखनातील कर्ता-क्रियापद मेळाच्या चुका (सोलापूर परिसर)

इंग्रजी वाक्यात कर्त्याचे वचन व पुरुष पाहून क्रियापदाचे रूप ठरते. हा मेळ चुकला की ‘माय ब्रदर वर्क इन अ मिल’ किंवा ‘पोलीस हॅज कम’ अशी वाक्ये वहीत उतरतात. इंग्रजी शिकणाऱ्यांच्या लेखनात या चुका जगभर आढळतात. सोलापुरात घरी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुले शेजारी-शेजारी वाढतात. त्यामुळे कोणती चूक घरच्या भाषेतून येते आणि कोणती इंग्रजीच्या घडणीतून, हे पडताळायला हे शहर फार चांगले आहे.

मराठीत असा मेळ नाही म्हणून मुले चुकतात, ही समजूत खरी नाही. मराठीचा मेळ इंग्रजीपेक्षा कितीतरी समृद्ध आहे: तो जातो, ती जाते, ते जातात. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते: ‘विणकराने चादर विणली’, ‘विणकराने टॉवेल विणला’. कन्नड आणि तेलुगूत असे होत नाही. तेथे भूतकाळातही क्रियापद कर्त्यालाच धरून राहते. मात्र एवढा मोठा फरक इंग्रजी लिहिताना फारसा आड येत नाही. इंग्रजीच्या साध्या भूतकाळात ‘वॉज’ व ‘वेअर’ सोडले तर क्रियापदाचे रूप बदलतच नाही.

खरी अडचण वर्तमानकाळातल्या ‘स’ची आहे. ‘आय’, ‘वुई’, ‘यू’, ‘दे’ यांच्यापुढे क्रियापद तसेच राहते, फक्त ‘ही’, ‘शी’, ‘इट’ यांच्यापुढे ‘स’ लागतो. शिवाय नामाला ‘स’ लागला की अनेकवचन आणि क्रियापदाला लागला की एकवचन, ही उलटापालट नवशिक्याला गोंधळात टाकते. अर्थ तर ‘स’ गाळूनही कळतोच. नियम नुकताच शिकलेली मुले मग ‘ही डज नॉट गोज’ असा दुहेरी ‘स’ लावतात. हे प्रगतीचेच चिन्ह मानले पाहिजे. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राऊन यांनी १९७३ मध्ये दाखवले की इंग्रजी मातृभाषा असलेली मुलेही क्रियापदाचा हा ‘स’ बराच उशिरा आत्मसात करतात. शिकणाऱ्याच्या चुकांमागे त्याचा स्वतःचा नियम असतो, हा विचार भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच मांडला होता.

घरच्या भाषेचा ठसा दिसतो तो नामांच्या वचनात. मराठीत ‘केस काळे आहेत’, ‘पैसे संपले’. म्हणून ‘हर हेअर आर ब्लॅक’, ‘द मनी वेअर फिनिश्ड’. उलट चष्मा, कात्री, पँट मराठीत एकवचनी, म्हणून ‘माय स्पेक्टॅकल्स इज ब्रोकन’. ‘पीपल इज’ मात्र मराठीतून येत नाही, कारण आपण ‘लोक आले’ असेच म्हणतो. तेथे ‘पीपल’ला ‘स’ नाही हे फसवते.

आदरार्थी अनेकवचन सोलापूरच्या चारही भाषांत आहे. ‘सर शिकवतात’, ‘बाबा येत आहेत’ असे बोलणारे मूल ‘अवर सर टीच मॅथ्स’, ‘माय फादर आर कमिंग’ असे लिहिते, तेव्हा त्यामागे उद्धटपणाच्या भीतीचाही वाटा असू शकतो. इंग्रजीत एकवचनाने कोणाचा मान कमी होत नाही, हे शिक्षकाने स्पष्ट सांगायला हवे.

वाक्य लांबले की आणखी एक चूक होते: क्रियापद जवळच्या नामाकडे ओढले जाते. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेवरच्या निबंधात ‘द प्रोसेशन ऑफ द सेव्हन नंदीध्वजाज आर लाँग’ असे लिहिले जाते. कर्ता ‘प्रोसेशन’, पण कानात सात नंदीध्वज (यात्रेत मिरवले जाणारे उंच ध्वजदंड) घुमत असतात. ही चूक इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्याही हातून होते.

प्रत्येक चूक लाल शाईने दाखवावी का, याबद्दल मतभेद आहेत. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये अशी दुरुस्ती निरुपयोगी, किंबहुना हानिकारक ठरवली. याच क्षेत्रातील डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तर दिले. एका निबंधात एकाच प्रकारची चूक हाती घेणे आणि क्रियापद तपासण्याआधी मुलाकडून कर्ता अधोरेखित करून घेणे, हा मोठ्या वर्गातही जमणारा मार्ग आहे.