शून्याचीही नोंद: हौशी पक्षीगणना इथवर कशी आली

पहाटे तळ्याकाठी दुर्बीण घेऊन बसलेला पक्षीनिरीक्षक वहीत दोन गोष्टी लिहितो. कोणते पक्षी किती दिसले, ही एक. आपण किती वाजता आलो, किती वेळ थांबलो, किती चाललो, ही दुसरी. पहिली नोंद आनंदाने होते, दुसरीचा अनेकांना कंटाळा येतो. पण हौशी माणसांच्या मोजणीला आज शास्त्रात जे वजन आहे, ते माझ्या मते या दुसऱ्या नोंदीमुळेच आले.

सुरुवात अमेरिकेत झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे ख्रिसमसच्या सुमारास शिकारीची चढाओढ लागे. दोन गट बंदुका घेऊन बाहेर पडत आणि संध्याकाळी ज्याचा मेलेल्या पशुपक्ष्यांचा ढीग मोठा, तो गट जिंके. फ्रँक चॅपमन या पक्षीतज्ज्ञाला हे सहन होत नव्हते. याच चॅपमनने 1886 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर दोन फेऱ्या मारून बायकांच्या 700 टोप्या पाहिल्या होत्या आणि त्यांवर शोभेसाठी लावलेले 40 जातींचे पक्षी ओळखले होते. 1900 च्या डिसेंबरात त्याने सुचवले, की यंदा पक्षी मारू नका, मोजा. त्या नाताळात 25 ठिकाणी मिळून 27 जणांनी मोजणी केली आणि सुमारे 90 जाती नोंदवल्या. यादीबरोबर हवामान, वाऱ्याची दिशा, निघण्याची आणि परतण्याची वेळही लिहून पाठवा, असे चॅपमनने तेव्हाच सांगितले होते. त्याची ही दूरदृष्टी मला मोजणीच्या कल्पनेइतकीच मोठी वाटते. आठ तास फिरून दिसलेले पन्नास पक्षी आणि तासाभरात दिसलेले पन्नास पक्षी यांचा अर्थ एक नसतो. ती मोजणी आजही दरवर्षी होते.

ब्रिटनमध्ये 1928 मध्ये राखी बगळ्यांच्या वीणवसाहती मोजायला सुरुवात झाली. घरटी उंच झाडांवर, एका जागी आणि वर्षानुवर्षे तिथेच असल्याने हौशी माणसालाही ती नेमकी मोजता येत. ही मोजणीही अजून चालू आहे. कडक हिवाळ्यानंतर बगळ्यांची संख्या किती घसरते आणि सावरायला किती वर्षे लागतात, हे तिच्यामुळे कळले.

मोजणीचे खरे मोल मात्र 1960 च्या दशकात दिसले. शर्यतीची कबुतरे पाळणाऱ्यांनी ब्रिटनमध्ये तक्रार केली, की बहिरी ससाणे फार झालेत, आमची कबुतरे खातात. तक्रार तपासायची म्हणून 1961-62 मध्ये देशभर ससाण्यांची गणना झाली. डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाकडे तिची सूत्रे होती आणि जुन्या, माहितीच्या कड्यांवर जाऊन पाहण्याचे बरेचसे काम हौशी निरीक्षकांनी केले. ससाणे वाढलेले नव्हतेच. पिढ्यान्‌पिढ्या वापरातले कितीतरी कडे ओस पडले होते. रिकामा कडा दिसला तर निरीक्षक सहसा पुढे निघून जातो, पण इथे प्रत्येक रिकाम्या कड्याची नोंद झाली आणि तीच पुरावा ठरली. पुढे रॅटक्लिफने अंडी जमवणाऱ्यांच्या जुन्या संग्रहांतली कवचे मोजून-तोलून पाहिली. 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, म्हणजे डीडीटी या कीटकनाशकाचा वापर सुरू झाल्यापासून, ती पातळ होत गेल्याचे त्याने 1967 मध्ये दाखवले. संग्राहकांनी अंड्यांसोबत तारीख आणि ठिकाण लिहून ठेवले नसते, तर त्या कवचांचा काही उपयोग झाला नसता.

डीडीटीच्याच काळजीतून अमेरिकेत चँडलर रॉबिन्स या पक्षीतज्ज्ञाने विणीच्या हंगामातली मोजणी आखली. 1966 मध्ये ती रीतसर सुरू झाली. रस्त्याची सुमारे 39 किलोमीटरची ठरलेली वाट, त्यावर 50 थांबे, प्रत्येक थांब्यावर बरोबर 3 मिनिटे आणि सुरुवात सूर्योदयाच्या अर्धा तास आधी. चौथ्या मिनिटाला कितीही दुर्मीळ पक्षी ओरडला, तरी तो मोजायचा नाही. हौशी माणसाला हे जड जाते. पण या शिस्तीमुळेच उत्तर अमेरिकेत 1970 पासून जवळपास 300 कोटी पक्षी कमी झाल्याचे 2019 मध्ये मांडता आले. हा पद्धत दर वेळी तीच ठेवण्याचा फायदा. रस्त्यालगतच मोजल्याने आतल्या जंगलातले पक्षी सुटतात, हा तिचा दोष मात्र आहेच.

भारतीय उपखंडात 1987 पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. केरळात 2015 ते 2020 या काळात हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी राज्याचे चौकोन पाडून पक्षी-नकाशा केला. नावाजलेल्या तळ्यांबरोबर चिठ्ठीत निघालेले साधे चौकोनही पायाखाली घातल्यामुळे मला ते काम विशेष वाटते.

2002 मध्ये सुरू झालेल्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाने जुनी शिस्त एका प्रश्नात बसवली: ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का? उत्तर ‘हो’ असेल, तर जो पक्षी यादीत नाही तो त्या वेळी आढळला नाही, असे धरता येते. शंभर याद्यांपैकी कितींमध्ये चिमणी आहे आणि हे प्रमाण वर्षागणिक कसे बदलते, हे त्यावरून काढता येते. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023 चा अहवाल याच पायावर उभा आहे. 30 हजारांहून जास्त निरीक्षकांच्या सुमारे 3 कोटी नोंदींतून त्यात 942 जातींचा आढावा घेतला आहे. पण दीर्घकाळचा कल सांगता आला तो फक्त 338 जातींचा, आणि त्यांतल्या 60 टक्के जाती घटलेल्या आहेत. बाकीच्यांसाठी जुन्या याद्या पुरेशा नाहीत.

म्हणूनच जुन्या पक्षीनिरीक्षकांच्या वह्या आता उघडल्या जात आहेत. ‘तळ्यावर पुष्कळ बदके’ एवढेच लिहिलेले पान बाजूला ठेवावे लागते. ज्या पानावर तारीख, वेळ, जागा आणि अगदी कावळ्या-साळुंक्यांसकट पूर्ण यादी आहे, ते चाळीस वर्षांनीही जसेच्या तसे मोजणीत घेता येते.