शॉर्ट की कच्ची अर्थ?

गगनबावड्याच्या पावसातून गाडी खाली आली आणि हेडलाइट लुकलुकायला लागले, की कोल्हापुरातल्या गॅरेजात पहिलं वाक्य ठरलेलं: "वायरिंग शॉर्ट झालंय बघा." जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ते बहुतेकदा चुकीचं निघतं. त्यापायी चांगलं मूळ वायरिंग उपसून फेकलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शॉर्टमध्ये करंट बल्बपर्यंत पोचायच्या आतच चासीला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला भिडतो. वाटेत अडवायला काही नसल्याने तो बेफाम वाढतो आणि फ्यूज उडतो. कच्च्या अर्थमध्ये, म्हणजे अर्थिंगचा जोड बिघडला असताना, बल्बमधून निघालेल्या करंटची बॅटरीकडे परतायची वाटच गंजलेली असते. करंट घटतो, फ्यूज शाबूत राहतो. म्हणून आधी फ्यूज बघायचा. एक सावधगिरी मात्र हवी: एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत हेडलाइट आणि इग्निशनला मुळात फ्यूजच नसतो. तिथे शॉर्ट झाला तर वायर तापते, जळका वास येतो.

कच्ची अर्थ ओळखायची तर मागे उभं राहून कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटला किंवा टेललाइट विझला, तर करंट परतीची वाट शोधत शेजारच्या बल्बमधून घुसतोय. शॉर्ट असं वागत नाही. गंजाचा नुसता एक ओहम रोधही पुरतो: ५५ वॅटच्या हेडलाइटला १२ व्होल्टांपैकी जेमतेम पावणेनऊ मिळतात.

फायबरच्या बॉडीची गाडी असेल, लोटस एलान किंवा आपली सॅन स्टॉर्म, तर अर्थवरचा संशय आणखी पक्का धरा. फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर ओढावी लागते आणि तिचा प्रत्येक जोड पावसात गंजू शकतो. उलट, घासलेली वायर बॉडीला टेकली तरी शॉर्ट होत नाही. चासीला, इंजिनला किंवा दुसऱ्या वायरीला टेकली तरच.

मल्टिमीटर ओहमवर लावून अर्थ तपासू नका. दहा तारांपैकी एकच उरली असली तरी मीटर शून्याजवळच दाखवतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या अर्थ केलेल्या टोकाला (बहुतेक गाड्यांत मायनस), दुसरं बल्बच्या अर्थला, आणि दिवा चालू असताना वाचा. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक, अर्धा व्होल्ट आला तर वाट खराब. इंजिन ब्लॉकवर हेच स्टार्टर मारताना करा, तिथे ०.२ च्या वर गेला तर इंजिन चासीला जोडणारी अर्थ पट्टी बदला. ती तुटली की स्टार्टरचा करंट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून परततो आणि केबल तापते. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, घट्ट आवळा, मगच वरून ग्रीस लावा.

फ्यूज खरंच अधूनमधून उडत असेल तर नवे फ्यूज जाळत बसू नका. फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा आणि त्या लाइनवरचे दिवे, मोटर सगळं काढून ठेवा. शॉर्ट लागला की हा बल्ब भगभगीत पेटेल. मग वायरिंग वीत वीत हलवत जा: फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) भोकातलं रबर निघालेलं असतं तिथे, दाराच्या बिजागरीपाशी, उघडमीट होणाऱ्या हेडलाइटच्या मागे. ज्या ठिकाणी हात लागताच बल्ब विझतो, तिथलीच टेप सोला.