भारत-बांगलादेश सीमा व्यवस्थापन

भारत व बांगलादेश यांमधील ४,०९६.७ किमी. लांबीच्या सीमेचे सीमांकन, राखण व तीवरील ये-जा यांचे नियमन. भारताच्या भूसीमांपैकी ही सर्वांत लांब असून पश्चिम बंगाल (२,२१६.७ किमी.), त्रिपुरा (८५६), मेघालय (४४३), मिझोराम (३१८) व आसाम (२६३) या राज्यांना ती लागून आहे. फाळणीची सीमा ठरविणारे सिरिल रॅडक्लिफ यांचा निवाडा १७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे सत्तांतरानंतर दोन दिवसांनी, प्रसिद्ध झाला. त्याची भिस्त मुख्यतः जिल्हा व पोलीस ठाणे यांच्या हद्दींवर होती. कारभारासाठी आखलेली हद्द पहाऱ्याला सोयीची असतेच असे नाही. आजच्या बऱ्याच अडचणींचे मूळ तेथेच सापडते.

छीटमहालांचा प्रश्न त्याहून जुना. एका देशाच्या भूमीने पूर्णपणे वेढलेले दुसऱ्या देशाचे हे तुकडे कसे निर्माण झाले, याविषयी मतभेद आहेत. कूचबिहारचा राजा व रंगपूरचा फौजदार बुद्धिबळाच्या पटावर गावे पणाला लावीत, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. नकाशावर शाई सांडल्याची कथाही सांगतात. दोहोंना समकालीन कागदपत्रांचा आधार मिळत नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात (बहुधा १७१३) मोगल व कूचबिहार यांच्यात तह झाला. बोदा, पाटग्राम व पूर्वभाग हे चकले (महसुली विभाग) मोगलांकडे गेले, पण तेथील काही जमिनी कूचबिहारच्या सरदारांनी सोडल्या नाहीत. उलट बाजूस मोगल सैनिकांनीही काही ठाणी धरून ठेवली. छीटमहालांचा उगम या तहात शोधणारे मत अधिक ग्राह्य वाटते. कूचबिहार हे संस्थान असल्याने १९४७ च्या निवाड्याच्या कक्षेबाहेर राहिले व १९४९ मध्ये भारतात विलीन झाले. त्याबरोबर महसुली तुकडे आंतरराष्ट्रीय झाले. डहाला खागराबाडी हा सु. ०.७ हेक्टरचा भारतीय तुकडा बांगलादेशी तुकड्यात, तो भारतीय छीटमहालात आणि तो पुन्हा बांगलादेशात होता. अशी तिहेरी गुंफण अन्यत्र आढळत नाही. १९७४ चा भूसीमा करार, २०११ चा पूरक करार व शंभरावी घटनादुरुस्ती यांनंतर ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री १११ भारतीय व ५१ बांगलादेशी छीटमहालांची अदलाबदल झाली.

सीमेचा सु. १,१०० किमी. भाग नदीनाल्यांतून जातो. पात्र सरकले की सीमाही सरकते, की ती जुन्या रेषेवरच राहते, हा वाद फाळणीपासूनचा आहे. भारत-पाकिस्तान सीमावादांसाठी नेमलेल्या बागे न्यायाधिकरणाने १९५० मध्ये निकालात काढलेल्या चार वादांपैकी गंगा, माथाभांगा व कुशियारा हे तीन नद्यांचे होते. हरियाभांगा नदीच्या मुखाशी १९७० च्या चक्रीवादळानंतर वर आलेले बेट दोन्ही देशांनी आपले म्हटले. सागरी सीमेचा निवाडा २०१४ मध्ये आला, तोवर ते पाण्याखाली गेले होते. आसामातील धुबरी येथे ब्रह्मपुत्रेच्या वाहत्या पात्रात कुंपण टिकत नाही, म्हणून ६१ किमी. पट्ट्यात मार्च २०१९ पासून संवेदक, कॅमेरे व सूक्ष्मलहरी संदेशवहन यांवर आधारलेली निगराणी सुरू झाली.

तारेचे कुंपण १९८० च्या दशकात मंजूर झाले. ते प्रत्यक्ष सीमेवर नाही. शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, १५० यार्डांच्या (सु. १३७ मी.) आत संरक्षणात्मक बांधकाम करू नये, असे १९७५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ठरले होते. कुंपण हे असे बांधकाम ठरते काय, यावर दोन्ही देशांचे एकमत नाही. जानेवारी २०२५ मध्ये हा प्रश्न पुन्हा राजनैतिक पातळीवर गेला. कुंपण सीमेपासून मागे असल्याने भारताचीच काही घरे व शेते त्यापलीकडे पडली. शेतकऱ्याला फाटकावर ओळखपत्र दाखवून ठरलेल्या वेळेत ये-जा करावी लागते. नांगरणी-कापणीचे तास फाटक ठरवते, ही गोष्ट धोरणविषयक लेखनात क्वचितच येते.

राखण सीमा सुरक्षा दलाकडे (स्थापना १ डिसेंबर १९६५) आहे. कारगिल युद्धानंतर माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली सीमा व्यवस्थापनाचे कृतिदल नेमले गेले. मंत्रिगटाने २००१ मध्ये ‘एक सीमा, एक दल’ हे तत्त्व मांडले व २००४ मध्ये गृहमंत्रालयात स्वतंत्र विभाग निघाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये पश्चिम बंगाल व आसामात दलाचे अधिकारक्षेत्र सीमेपासून १५ वरून ५० किमी. करण्यात आले, त्यास पश्चिम बंगालने आक्षेप घेतला. गुरे व नशेसाठी वापरले जाणारे खोकल्याचे औषध यांची चोरटी वाहतूक, बनावट नोटा आणि बेकायदा स्थलांतर या नेहमीच्या तक्रारी होत. स्थलांतराविषयीचे आकडे परस्परविरोधी असल्याने ते सावधपणे घ्यावेत. कायदेशीर व्यापारासाठी पेट्रापोल व आगरतळा येथे एकात्मिक तपासणी नाकी, तर २०११ पासून मेघालयातील कलाईचर येथे सीमा-हाट आहे.