एकच बॅन्जो, दोन उजवे हात

“बॅन्जो शिकतोय,” असं फोनवर सांगितलं तेव्हा पुण्याच्या मावशीने लगेच विचारलं, “विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजवतात तो?” तो नव्हे. मिरवणुकीतला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. लांबट पेटीवर तारा, वर टाइपरायटरसारख्या कळा. त्याचं मूळ जपानच्या नागोया शहरात १९१२ साली निघालेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. अमेरिकन बॅन्जो म्हणजे डफासारख्या गोल कड्याला लांब दांडी. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी तसल्याच वाद्यांच्या आठवणीतून तो तिकडे घडवला. मावशीचं समाधान दोन मिनिटांत झालं. मी मात्र पुढचे तीन महिने वेगळ्याच घोळात होतो.

झालं असं, की मला ब्लूग्रास ही अमेरिकन संगीतशैली वाजवायची होती. पाच तारांचा बॅन्जो घेतला, एका शिकवणीचे व्हिडिओ लावले आणि ‘क्रिपल क्रीक’ ही पारंपरिक धून बसवली. धून तीच, सूरजुळणी तीच, आवाज मात्र रेकॉर्डवर ऐकलेल्या ब्लूग्राससारखा अजिबात नाही. मी शिकत होतो क्लॉहॅमर. हवा होता तो तीन बोटांचा बाज, ज्याला स्क्रग्ज स्टाइल म्हणतात.

दोन्हींत डाव्या हाताचं काम बरंचसं सारखं असतं. फरक उजव्या हाताचा, आणि तो दिशेपासूनच सुरू होतो. क्लॉहॅमरमध्ये बोटं पंज्यासारखी वाकवून हात वरून खाली पडतो. तर्जनीची किंवा मधल्या बोटाची नखाची बाजू तारेवर आदळते, त्याच हालचालीत अंगठा पाचव्या तारेवर येऊन टेकतो आणि हात उचलताना ती तार छेडतो. नख एकदा धुनेच्या सुरावर, मग नखानेच तारांवरून एक फटकारा, मग अंगठा. या ठेक्याला तिकडे ‘बम-डिटी’ म्हणतात. तोंडाने म्हणत बसलं की हात आपोआप लागतो. सेनेगल-गांबियाकडच्या अकोंटिंग या वाद्यावर आजही नख असंच वरून खाली मारतात, म्हणजे ही चाल खूप जुनी आहे.

स्क्रग्ज बाजात नखं लागत नाहीत. अंगठ्यात प्लॅस्टिकचं पिक, तर्जनी आणि मधल्या बोटात धातूची पिकं. सतारीच्या मिजराबीचे भाऊबंद म्हणा. अंगठा खाली जातो, दोन बोटं वर खेचतात, आणि फटकारा नसतोच. एका वेळी एक तार, आठ सूर सलग. या आठांच्या ठरलेल्या घडणीला रोल म्हणतात. फॉरवर्ड रोलचा एक प्रकार असा: अंगठा-तर्जनी-मधलं, पुन्हा अंगठा-तर्जनी-मधलं, शेवटी अंगठा-मधलं. तीन-तीन-दोन. ढोलकी ऐकत वाढलेल्या कानाला ही विभागणी परकी वाटत नाही. मला तरी रोल समजायला फार वेळ लागला नाही. बोटांना लागला, ती गोष्ट वेगळी.

पाचवी तार ही या वाद्याची खरी गंमत. ती दांडीच्या मधूनच, पाचव्या पडद्यापाशी सुरू होते, म्हणून आखूड आणि उंच सुराची. सतारीची चिकारी डोळ्यांसमोर आणा. नेहमीच्या ‘जी’ (G) जुळणीत ती उंच ‘जी’ सुरात असते. पहिली तार डी सुरात, म्हणजे ती पाचव्या पडद्यावर दाबली की बरोबर तोच जी मिळतो. ‘क्रिपल क्रीक’ची सुरुवात याच सुरावर आहे. डाव्या हाताने घसरत पाचव्या पडद्यावर जायचं आणि अंगठ्याने मोकळी पाचवी तार वाजवायची: एकच सूर, दोन ठिकाणांहून, दोन वेगळ्या पोतांचा. क्लॉहॅमरमध्ये अंगठा ठेक्याने ठरलेल्या जागीच येतो, त्यामुळे हा जोडसूर चिकारीसारखा मागे घुमतो. स्क्रग्ज बाजात तो रोलमध्ये मिसळतो आणि धुनेचा सूर कुठला, भरणा कुठला, हे नवख्याला कळेनासं होतं. बोटांच्या या धबधब्यात धून ऐकू येत ठेवणं, सारी अवघड कला तिथे आहे.

कालक्रमानेही गोंधळ वाढतो. क्लॉहॅमर आज ज्या जुन्या अमेरिकन लोकसंगीताशी जोडलं जातं, त्याला ओल्ड-टाइम म्हणतात. ब्लूग्रास त्यातूनच निघालं, पण ते चक्क रेडिओच्या जमान्यातलं आहे. केंटकी राज्याचं टोपणनाव ‘ब्लूग्रास स्टेट’. तिथल्या बिल मन्रोने आपल्या वाद्यवृंदाला ‘ब्लू ग्रास बॉइज’ नाव दिलं आणि पुढे त्यावरूनच या शैलीचं नाव पडलं. १९४५च्या अखेरीस त्यात नॉर्थ कॅरोलायनाचा एकवीस वर्षांचा अर्ल स्क्रग्ज आला. तीन बोटांनी वाजवणारे त्या भागात आधीही होते, स्नफी जेन्किन्ससारखे. पण स्क्रग्जने ते इतकं घोटून, इतकं सफाईने वाजवलं की बाजाला त्याचंच नाव चिकटलं. ओल्ड-टाइममध्येही सगळे क्लॉहॅमरच वाजवतात असं मात्र नाही.

दोन हात असे वेगळे का, हे मला एका जॅममध्ये, म्हणजे एकत्र वाजवायच्या बैठकीत, बसल्यावर कळलं. ब्लूग्रासच्या रिंगणात कामं वाटलेली असतात. बास मोठ्या ठोक्यावर, मॅन्डोलिन मधल्या ठोक्यावर ‘चॉप’ मारणार, म्हणजे तारा दाबून लगेच सोडून एक कोरडा ठोका. धून एका वेळी एकानेच वाजवायची. त्याला ब्रेक म्हणतात; तो आळीपाळीने मिळतो आणि बाकीचे मागे साथ करतात. मला नजरेने खूण झाली, मी क्लॉहॅमरमध्ये सुरू केलं. माझा फटकारा नेमका मॅन्डोलिनच्या चॉपवर पडत होता. ताल दुप्पट, धून गायब. कुणी काही बोललं नाही, पाळी शांतपणे फिडलकडे, म्हणजे व्हायोलिनकडे, सरकली.

ओल्ड-टाइमच्या बैठकीत असली पाळी नसते. फिडल पुढे, बॅन्जो त्याच्या जोडीला, आणि सगळे एकदम तीच धून वाजवतात. दोन भाग, दोन-दोनदा, मग पुन्हा पहिल्यापासून. एकेक धून पंधरा-वीस फेऱ्या चालू शकते. तिथे बॅन्जोला ताल आणि धून दोन्ही एका हातात पेलायचे असतात, आणि तोच हात बम-डिटीमध्ये आहे. धुनेनुसार तारा पुन्हा जुळवाव्या लागतात, म्हणून एका स्केलमधल्या धुना एका बैठकीत आटपून घेतात. ब्लूग्रासवाला बहुतेक वेळ ‘जी’ जुळणीतच राहतो आणि कॅपो, म्हणजे दांडीवर तारा दाबून धरणारा चिमटा, सरकवतो. पाचवी तार मात्र कॅपोच्या कवेत येत नाही, तिला अडकवायला दांडीत बारीक खिळे ठोकलेले असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, दुकानदाराने सदोष वाद्य गळ्यात मारलं.

तेव्हा शिकवणी निवडण्याआधी आसपास कुठली बैठक भरते ते बघा. एकट्यानेच वाजवायचं असेल तर मी क्लॉहॅमर सुचवेन, कारण ते साथीशिवायही पोकळ वाटत नाही. स्क्रग्ज बाज एकट्याने पहिलं वर्षभर रियाजाच्या पलट्यांसारखाच वाजतो. वाद्यही पाहून घ्या: ब्लूग्राससाठी मागे रेझोनेटर, म्हणजे आवाज वाढवणारी लाकडी पाठ, असलेला, क्लॉहॅमरसाठी मागून उघडा. रेझोनेटरवाला चांगलाच ठणाणतो. उघड्या बॅन्जोत कातड्याच्या मागे एक जुना पंचा कोंबला, की रात्री अकरालाही शेजारी दार वाजवत नाहीत.